जुलैतला नाताळ आणि छपरावरचा नवरा

सिनेमावाले लाइल बकनरच्या दारात आले तेव्हा लाइल पडदे धूत होता.

जुलै महिन्यात, जॉर्जियातल्या त्या उकाड्यात, शाळेला सुट्टी असताना भूगोलाच्या मास्तराने पडदे का धुवावेत? तर त्याची बायको ऱ्होंडा जवळजवळ वर्षभराने घरी यायची होती, आणि फौजी बायकांच्या मंडळाने त्याला तसं बजावून सांगितलं होतं. या मंडळात लाइल हा एकुलता एक पुरुष. ऱ्होंडा फौजेत सार्जंट, ती सातासमुद्रापार. हा घरी, डेव्हर्स मिल गावात. बाकी सगळ्या आपापल्या नवऱ्यांची वाट बघणाऱ्या बाया. पहिल्या दिवशी त्या त्याला बघून जरा बुजल्या, मग त्यांनी त्याला असा काही आपल्यात ओढला की विचारू नका. मक्रोनी भाजताना वरून चीज कधी घालायचं, रात्री फोनची वाट बघताना काय विणायचं, रडू आलंच तर गॅरेजमध्ये जाऊन कसं रडायचं, सगळं त्यांनी शिकवलं. आणि ऱ्होंडा येणार म्हटल्यावर एकमुखाने सांगितलं, "पडदे धू, फ्रिज भर, आणि सहीचं चुकूनही तोंडातून काढू नकोस."

सहीचा घोळ असा होता. ऱ्होंडाच्या नोकरीची वर्षं भरली होती. पेन्शन घेऊन ती घरी बसू शकत होती, किंवा एक सही ठोकून बढती घेऊन पुन्हा तीन वर्षं परदेशी जाऊ शकत होती. वरच्या साहेबांचा आग्रह होता. लाइलचा काय आग्रह होता हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. तो आपण होऊन सांगणार नव्हता, कारण मंडळात बायका पिढ्यान्‌पिढ्या जी गोष्ट सांगत आल्या होत्या ती हीच, की फौजी माणसाला 'जाऊ नकोस' म्हटलं की तो हमखास जातो. तेव्हा तोंडाने न सांगता घराकडूनच सांगवायचं असा लाइलचा बेत होता. दार उघडताच घर असं दिसलं पाहिजे की बाईचा पाय परत उंबऱ्याबाहेर पडू नये.

आणि नेमकी तेव्हाच बेल वाजली. दारात कानाला यंत्र, हातात भोंगा आणि कमरेला चिकटपट्ट्यांची वेटोळी लावलेली एक पोरगी.

"मी ब्रिन. आम्ही टीव्हीसाठी नाताळचा सिनेमा करतोय. सर, तुमचं घर आम्हाला फार आवडलं."

लाइलचं घर आवडलं म्हणणारी ती पहिलीच व्यक्ती. मास्तर फुलला. "काय आवडलं?"

"अगदी साधं आहे हो. नायिकेच्या गरीब आत्याचं घर म्हणून शोभेल."

मास्तर जरा आकसला. पण गोष्ट ऐकून त्याचे कान टवकारले. फौजी कॅप्टन, त्याची गावाकडची बायको, लढाईत तो हरवल्याची बातमी, आणि नाताळच्या आदल्या दिवशी बर्फातून चालत तो दारात! आता, टीव्हीवरचे असले नाताळ-सिनेमे हे लाइलचं जुनं व्यसन. तो ते बघताना रडायचा. ऱ्होंडाही बघायची, पण चुका काढायला. "बघ, बघ, घरात टोपी घालून बसलाय. अरे, केस बघ त्याचे! आणि हा न कळवता कसा येतो रे दरवेळी? खऱ्या फौजेत न कळवता घरी गेलास तर दाराला कुलूप असतं आणि नवरा किराणा आणायला गेलेला असतो!" असं ती फोनवरून बोलत राहायची आणि लाइल इकडे डोळे पुसायचा. हा त्यांच्या संसारातला सर्वात गोड वेळ. गेल्या नाताळात तेही जमलं नाही, ती कुठल्याशा वाळवंटात होती. फोन लागला तेव्हा "जाऊ दे रे, सण काय दरवर्षी येतो," म्हणाली. ते 'जाऊ दे' लाइलच्या मनात अडकून बसलं होतं.

"सजावट तुम्हीच करणार?" त्याने विचारलं.

"घरभर. झाड, दिवे, माळा, बर्फसुद्धा."

"आणि जाताना?"

"हवी तर ठेवून जाऊ. गुरुवारी आमचं काम संपतंय."

ऱ्होंडा शनिवारी संध्याकाळी येणार होती. लाइलच्या डोक्यात जो काही लख्ख प्रकाश पडला म्हणता! बायकोचा चुकलेला नाताळ, आयता, घरपोच, बर्फासकट! त्याने ओल्या हातानेच करार केला. वाचला नाही. मुलांना नकाशा नीट वाचा म्हणून वर्षानुवर्षं ओरडणारा हा माणूस.

सोमवारी ट्रक आले आणि त्यांनी सर्वप्रथम घर रिकामं केलं. सोफा गेला, जेवणाचं टेबल गेलं, ऱ्होंडाची लाडकी गादी, जिच्यासाठी ती वर्षभर फोनवर उसासे टाकत होती, ती दोन धटिंगणांनी दुमडून ट्रकात कोंबली. "गरीब आत्याकडे एवढी जाड गादी नसते," ब्रिनने खुलासा केला. झोपण्याची खोली रंगभूषेला दिली. लाइलच्या वाट्याला गॅरेज आलं, जिथे तो पूर्वी फक्त रडायला जात असे.

मग बर्फ. कागदाचा चुरा आणि साबणाचा फेस एका तोफेसारख्या यंत्रातून उडवायचा. अंगणातल्या मॅग्नोलियाला ऐन बहर, तर त्याला कापूस गुंडाळला. लाइलने मास्तरकीच्या आवाजात सांगून पाहिलं, "अहो, गोष्ट उत्तरेत घडते ना? तिकडे मॅग्नोलिया वाढत नाही हो. अक्षांश बघा."

"सर, प्रेक्षक अक्षांश बघत नाहीत," ब्रिन म्हणाली आणि त्याला सावलीत जाऊन बसायला सांगितलं. सावली शेजारच्या अंगणात होती.

आता वसाहत म्हटली की शेजारी आले, आणि शेजारी म्हटले की सल्ला आला. समोरच्या घरात निवृत्त कर्नल पिकेट राहत. कर्नलसाहेबांची सगळी हयात फौजेच्या कोठारात ब्लँकेटं मोजण्यात गेली होती, पण आवाज मात्र आघाडीवरचा. फौजी सिनेमा म्हटल्यावर त्यांनी स्वतःची सल्लागार म्हणून नेमणूक करून टाकली. कॅप्टनचं काम करणारा गोरागोमटा नट टॅनर पायऱ्या चढू लागला की कुंपणापलीकडून गर्जना व्हायची, "ते पदक काढ! ती लढाई झाली तेव्हा तुझा बाप पाळण्यात होता!" दिग्दर्शक कपाळाला हात लावायचा आणि सगळं पहिल्यापासून. मंगळवारी त्यांना हाकललं, तर ते आपल्या अंगणात शिडीवर चढून ओरडू लागले.

"लाइल, एक सांगू का तुला?" शिडीवरूनच ते म्हणाले. "माझा अनुभव आहे. फौजी माणूस घरी येतो, घर अस्ताव्यस्त बघतो आणि तडक जाऊन सही करतो. छावणीत निदान खाट जागेवर असते. तुझी खाट कुठाय?"

"ट्रकात," लाइल म्हणाला.

कर्नलसाहेबांनी मान हलवली आणि पुन्हा पदकाकडे वळले. त्या दिवसापासून लाइल दर तासाला ट्रकाजवळ जाऊन गादी आहे ना बघून येऊ लागला.

दुसरं संकट म्हणजे मिसेस व्हर्ना टिडवेल, रहिवासी संघाच्या अध्यक्षा. संघाची नियमावली त्यांना तोंडपाठ. नाताळची रोषणाई नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतच. एरवी दाराला हिरवी माळ दिसली तरी नोटीस. मंगळवारी पिवळी नोटीस, बुधवारी गुलाबी, आणि सोबत स्वतः मिसेस टिडवेल.

"मिस्टर बकनर, दिव्यांचं कलम स्पष्ट आहे. माळांचंही आहे. फक्त बर्फाबद्दल नियमावलीत काही सापडत नाही."

"इथे बर्फ पडतच नाही ना हो."

"म्हणून तर! उद्या उठून सगळेच पाडतील. बर्फाची व्याख्या करायला मी खास सभा बोलावलीय."

सभेला सात माणसं आली आणि त्यांच्यात साबणाचा फेस हा बर्फ, की कचरा, की बांधकाम, यावर वाद झाला. तो मिटेपर्यंत संध्याकाळची वादळी सर आली, अंगणातल्या बर्फाची लापशी झाली आणि उतारावरून वाहत थेट मिसेस टिडवेलबाईंच्या निळ्या हायड्रेंजियांच्या फुलझाडांत शिरली. बाई किंचाळल्या ते गावाच्या टोकाच्या पेट्रोल पंपापर्यंत ऐकू गेलं म्हणतात. आता कोर्टकचेरी होणार म्हणून लाइल गर्भगळीत. पण ब्रिन पोरगी वस्ताद. ती सरळ बाईंच्या घरी गेली आणि तासाभरात त्यांना सिनेमात भूमिका देऊन आली. टोपलीत सफरचंदाचा केक घेऊन फाटकाशी उभं राहायचं आणि कॅप्टन दिसला की म्हणायचं, "नाताळच्या शुभेच्छा!" बस, एवढंच. गुरुवारी सकाळी सगळ्या नोटिसा दारावरून गायब आणि वसाहतभर एकच आवाज. नाताळच्या शुभेच्छा! नाताळच्या शुभेच्छा? नाऽताळच्या शुभेच्छा! बाई सूर शोधत होत्या.

गुरुवार म्हणजे काम संपायचा दिवस. पण वादळात एक आख्खा दिवस वाहून गेला होता, त्यामुळे काम संपलं नाही. "उद्या नक्की," ब्रिन म्हणाली.

त्या गुरुवारी दुपारीच ऱ्होंडाचा फोन आला, चेहरा दिसणारा. लाइल स्वयंपाकघरात होता. बशीतला सजावटीचा एक आल्याचा बिस्कूट-माणूस भुकेपोटी त्याने नुकताच चावला होता आणि तो बिस्कूट-माणूस दिसायला खरा असला तरी लाखेचं रोगण दिलेला निघाला होता. त्यामुळे दात हलतोय का हे जिभेने चाचपत त्याने फोन उचलला आणि सजावट दिसू नये म्हणून पाठ फ्रिजला टेकवली.

"कसा आहेस? तोंड असं का केलंयस?"

"दाताचं जरा. बाकी मजेत. घर अगदी तू सोडून गेलीस तस्संच आहे."

एवढ्यात नट टॅनर, घामाने निथळत, पदकं खळखळवत आला, "सरका जरा, काका," म्हणाला, लाइलच्या मागचा फ्रिज उघडून दुधाची बाटली तोंडाला लावून उभा राहिला.

पलीकडे ऱ्होंडा बघतच राहिली. "लाइल. हा कोण?"

"कुठे कोण? टीव्ही! टीव्ही चालू आहे गं!"

"टीव्ही आपल्या फ्रिजमधलं दूध पितोय?" मग तिने डोळे बारीक केले. "कॅप्टन म्हणे! केस बघ त्याचे. असल्या केसांनी याला कुणी शिपाईसुद्धा करणार नाही. लाइल, खरं सांग, घरात काय चाललंय?"

"काही नाही!"

"बरं," ती म्हणाली. घरी कुणी परका पुरुष दूध पीत उभा आहे याबद्दल ती ओरडली असती तर लाइलला परवडलं असतं. पण ती हळूच म्हणाली, "मला ते सहीचं उद्या सांगायचंय साहेबांना. तुला काही म्हणायचंय का?"

लाइलला काय काय म्हणायचं होतं! की तुझ्याशिवाय सिनेमात मजा नाही. की मंडळातल्या बाया चांगल्या आहेत, पण मला आता विणायचा कंटाळा आलाय. की नको जाऊस, बाई. पण मंडळाची शिकवण आड आली, दुधाच्या मिशीचा टॅनर आड आला, आणि तो म्हणाला, "तुला बरं वाटेल ते कर."

"बरं," ऱ्होंडा म्हणाली आणि फोन बंद झाला.

इतका गाढव माणूस आपण आयुष्यात पाहिला नाही, असं लाइलला स्वतःबद्दल फार प्रामाणिकपणे वाटलं. तो गॅरेजमध्ये गेला. तिथे बर्फवाले जेवायला बसले होते, म्हणून रडताही आलं नाही.

शुक्रवारी आवाज नीट यावा म्हणून घरातलं थंड हवेचं यंत्र बंद केलं. लोकरी कोट घातलेली नायिका खुर्चीवर बसल्या बसल्या कलंडली. तिला बर्फाच्या पेटीत पाय घालून बसवण्यात दुपार गेली. खरा बर्फ तेवढाच वापरला त्यांनी. शेवटचं दृश्य राहिलं, कॅप्टनची घरवापसी. "शनिवारी दुपारपर्यंत आम्ही गेलेलो असू, सर. आईची शपथ," ब्रिन म्हणाली. ऱ्होंडाचं विमान संध्याकाळी. गादी जागेवर आणून चादर घालायला वेळ पुरेल असा लाइलने हिशेब केला. फ्रिजवरचे दुधाचे डाग त्याने स्वतः पुसले.

शनिवारी सकाळी सांताक्लॉजला ऊन लागलं.

या दृश्यात पोर्चच्या छपरावर सांताक्लॉज उभा राहून हात हलवतो, कारण गरीब आत्याच्या गावात तशी पद्धत असते. का ते विचारू नका, लाइलनेही विचारलं होतं. सांता होणारा जाडगेला माणूस लाल कपडे घालताच खाली बसला तो उठेना. ब्रिनने इकडेतिकडे पाहिलं आणि तिची नजर लाइलच्या पोटावर स्थिरावली.

"सर, पाचच मिनिटं."

"मी मास्तर आहे. गावात मला लोक ओळखतात."

"दाढीत कोण ओळखतंय? आणि हे झालं की लगेच आम्ही निघालो. गादी मी स्वतः लावून देते."

गादीचं नाव काढल्यावर लाइल विरघळला. त्याला लाल कपडे चढवले, पोटाला उशी बांधली (पोट होतं तेवढं पुरेसं नाही असं ठरलं, त्यात त्याला थोडं समाधान वाटलं), दाढी डिंकाने चिकटवली, शिडीने छपरावर चढवलं. फोन पँटच्या खिशात आणि पँट रंगभूषेच्या खोलीत. मग चित्रात येते म्हणून शिडी काढून नेली.

वरून सगळी गल्ली दिसत होती. कापूस गुंडाळलेली झाडं, फाटकाशी टोपली घेऊन ओठ हलवणाऱ्या मिसेस टिडवेल, हिरवळीवर गर्दीसाठी आणलेले फौजी वेषातले भाडोत्री पंचवीसतीस लोक. आणि कर्नलसाहेब! शेवटी त्यांनाही गर्दीत घेतलं होतं, तोंड बंद ठेवायच्या अटीवर. ते ताठ उभे होते आणि शेजारच्या पोराचा पट्टा डोळ्यांनी सरळ करत होते.

"शांतता!" ब्रिनचा भोंगा गरजला. बर्फाचं यंत्र घरघरलं. टॅनर गल्लीच्या मध्यावरून चालू लागला. पहिल्यांदा त्याच्या तोंडात बर्फ गेला. दुसऱ्यांदा पाय घसरला. तिसऱ्यांदा मिसेस टिडवेलबाईंनी घाई केली. लाइल प्रत्येक वेळी हात हलवत होता आणि लाल कपड्यांच्या आत हळूहळू शिजत होता. चौथ्या वेळेची तयारी चालली असताना गल्लीच्या कोपऱ्यावर एक गाडी थांबली, तीतून फौजी कपड्यांतली एक बाई उतरली, खांद्यावर भलीमोठी बॅग टाकली आणि अडसराच्या दोरीखालून वाकून आत आली.

चाल बघूनच लाइलचा हात हवेत थांबला. ती चाल त्याने हजारांत ओळखली असती.

ब्रिन भोंगा घेऊन धावली. ती भोंग्यातूनच बोलायची सवय लागलेली पोरगी, त्यामुळे गल्लीला सगळं ऐकू आलं. "एवढा उशीर? गर्दीवाल्यांना सातला बोलावलं होतं! आणि हा गणवेश कुणी दिला तुम्हाला? चुरगळलाय! आपले सैनिक इस्त्रीचे आहेत!"

"पोरी," ऱ्होंडा म्हणाली. तिला भोंगा लागत नाही. "बाजूला हो. ते माझं घर आहे."

"हो हो, आज सगळेच तसं म्हणतात. तुम्ही मागच्या रांगेत, त्या म्हाताऱ्यांच्या शेजारी."

आणि काय आश्चर्य, ऱ्होंडा गेली की हो मागच्या रांगेत. बहुधा समोर पाहून तिचं डोकंच चालेनासं झालं असावं. जुलैच्या उन्हात तिच्या घरावर बर्फ पडत होता, दारात दिव्यांच्या माळा होत्या आणि फ्रिजमधलं दूध पिणारा कॅप्टन तिच्या दाराकडे निघाला होता.

"शांतता! चला!"

टॅनर निघाला. झकास निघाला या वेळी. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं त्याने. लाइलला आता तोंड उघडायची सोय नव्हती. चाळीस माणसं श्वास रोखून उभी होती. पण खाली मागच्या रांगेत त्याची बायको उभी होती, वर्षभराने आलेली, स्वतःच्या अंगणात परक्यासारखी, आणि हा वर उशी बांधून हात हलवत होता. त्याला ते सहन होईना.

"ऱ्होंडाऽऽ!" तो छपरावरून ओरडला.

टॅनर थबकला. ऱ्होंडाने वर पाहिलं. त्या हाकेने कर्नलसाहेबांचीही नजर शेजारी गेली. "अरे! सार्जंट बकनर!" तोंड बंद ठेवायची अट ते साफ विसरले. अधिकारी दिसताच ऱ्होंडाचा हात सवयीने कपाळाला गेला, उत्तरादाखल कर्नलसाहेबांचा गेला, आणि हिरवळीवरच्या त्या भाडोत्री फौजेला वाटलं की हे गोष्टीतच आहे. खटाखट सगळ्यांनी सलाम ठोकले. कुणी डाव्या हाताने, कुणी दोन्ही हातांनी. टॅनरनेही एक ठोकला. मिसेस टिडवेलबाईंना वाटलं, हीच ती वेळ. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि तीन दिवस घोटलेला सूर सोडला, "नाऽताळच्या शुभेच्छाऽऽ!" दिग्दर्शक मटकन खुर्चीत बसला. यंत्रवाला इतका भांबावला की बर्फ बंद करायच्या ऐवजी त्याने तो वाढवला.

त्या धुमश्चक्रीतून ऱ्होंडा छपराखाली येऊन उभी राहिली. "लाइल?"

"मीच आहे."

"वर काय करतोयस?"

"तुझ्यासाठी नाताळ." याहून नीट त्याला सांगता येईना. "तू संध्याकाळी येणार होतीस ना गं!"

"शिडी कुठाय?"

"काढून नेली. मला दारात उभं राहायचं होतं, शपथ! मी उतरतो, थांब, कुणीतरी..."

पण ऱ्होंडाने बॅग खाली टाकली आणि वळून एवढंच म्हणाली, "शिडी." दोन धटिंगण धावत शिडी घेऊन आले. ते आठवडाभर लाइलचं एक ऐकत नव्हते. लाइल उतरायला वाकला तोवर ती स्वतःच भराभरा वर चढून आली आणि त्याच्या शेजारी साबणाच्या बर्फात फतकल मारून बसली. लाइलही बसला. उशी मध्ये येत होती, ती तिने ओढून काढली आणि खाली फेकली.

"दाढी?"

"निघत नाही. डिंक आहे."

ती त्याच्याकडे बघत राहिली आणि हसायला लागली. हसली म्हणजे अशी हसली की छपराचे पत्रे हलले. लाइलला वाटलं आता रागावेल, मग रागावेल, पण ती हसतच होती. घर मोडलं, गादी ट्रकात गेली, कॅप्टन दूध प्यायला, बर्फाची सभा झाली, बिस्कुटाला रोगण होतं, सगळं त्याने एका दमात सांगून टाकलं. ती डोळे पुसत पुसत पुढचं विचारत होती.

"आणि तू न कळवता कशी आलीस? तूच म्हणतेस ना, असं कुणी येत नाही म्हणून!"

ऱ्होंडाने हसू आवरलं. तिचे कान लाल झाले. सार्जंट बाईचे कान लाल झालेले लाइलने लग्नानंतर पहिल्यांदा पाहिले. "सकाळचं विमान मिळालं. फोन हातात घेतला होता मी. मग म्हटलं, एकदा आपणही तसं येऊन बघावं. दारात. तू पडदे बिडदे धूत असशील आणि दार उघडशील." तिने बुटावरचा फेस झटकला. "मूर्खपणा नुसता."

"मूर्खपणा कसला!" लाइल म्हणाला. आणि मग पिढ्यान्‌पिढ्यांची शिकवण, मंडळाची सगळी इज्जत, त्याने त्या छपरावरून सोडून दिली. "ऱ्होंडा, नको जाऊस परत. परवा फोनवर मी खोटं बोललो. तुला बरं वाटेल ते कर म्हणालो. मला नाही बरं वाटत. मला अजिबात बरं वाटत नाही तू नसलीस की."

ऱ्होंडा काही बोलायच्या आत खालून भोंगा आला. ब्रिन होती, आणि तिचा सूर या वेळी फार मऊ होता.

"मॅडम! दिग्दर्शक म्हणतायत, फार सुंदर झालं हो हे सगळं. पण कॅमेरा टॅनरवर होता. एक विनंती आहे. तुम्ही जरा खाली उतरून, कोपऱ्यापर्यंत परत जाऊन, पुन्हा अशाच याल का?"

सगळी गल्ली वर बघत होती. ऱ्होंडाने कोपऱ्याकडे पाहिलं. ती ज्या गाडीतून आली ती केव्हाच निघून गेली होती. मग तिने लाइलचा लाल हातमोज्यातला हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि कवायतीच्या मैदानावरच्या आवाजात म्हणाली,

"नाही. आता परत जायचं नाही. काल साहेबांनाही तेच सांगून आलेय."

ब्रिनला ते अर्धंच कळलं असावं. "मग निदान सांताने तरी हात हलवा, सर!" ती ओरडली.

लाइलचा एक हात बायकोने धरला होता. दुसरा त्याने वर केला आणि असा काही हलवला, असा काही हलवला, की मिसेस टिडवेलबाईंना राहवेना आणि त्यांनी फाटकातून पुन्हा एकदा सगळ्या गावाला शुभेच्छा दिल्या.